टीव्ही आला म्हणून मास्तर जाऊ द्यायचे नाहीत

परवा कुसगावला बैठक झाली. वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रं लावायची, कुणाची मोजणी राहिली, कुणाचा दावा फेटाळून आला, एवढाच विषय होता. कामं उरकत आली तशी मागं बसलेली एक मावशी उठली. म्हणाली, "जमिनीचं तुम्ही बघताय, बरंय. पण वाडीच्या शाळेचं कोण बघणार? पोरं कमी हायेत म्हणून शाळा खालच्या गावाला जोडणार म्हणतात. आणि मोठा टीव्ही दिलाय, त्याच्यावर शिकतील म्हणतात. टीव्ही काय पोराचा हात धरून अक्षर गिरवणार हाय का?"

सगळे हसले. मग गप्प झाले. वरच्या वाड्यांवर कातकरी आणि ठाकर मुलं ज्या शाळांत जातात तिथली गत सगळ्यांना ठाऊक आहे. एका वाडीवरच्या शाळेत देणगीतून आलेला टीव्ही पहिल्या पावसापासून कपाटात आहे. त्याच्या खोक्याचा पुठ्ठा मात्र कामी आला, त्यावर मुलांनी पाढे लिहिलेत.

मावशींच्या सवालाला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. ते इथं देतोय.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. दूरशिक्षणाला, म्हणजे रेडिओ, टीव्ही, फोनवरून शिकवण्याला, आमचा विरोध नाही. डोंगरात राहणाऱ्या माणसाला लांबची विद्या घरी मिळत असेल तर ती कोण नाकारील? आमचा सवाल त्यासाठी येणाऱ्या पैशाबद्दल आहे. पैसा कशासाठी येतो, कुणाच्या हातात येतो आणि संपला की मागं काय राहतं, हे विचारायला पाहिजे.

मागचा हिशेब काढा. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. इन्सॅट उपग्रहावरून खेड्यातल्या मुलांना धडे दाखवायचे म्हणून देशात अशा सहा संस्था निघाल्या, त्यातली ही महाराष्ट्राची. पैसा केंद्राचा. मराठीत हजारो कार्यक्रम तयार झाले. आज चाळिशीच्या पुढं असलेल्यांनी ते पंचायतीच्या किंवा कुणाच्या तरी ओटीवरच्या टीव्हीवर बघितलेत. पुढं केंद्राचा निधी आटला, राज्यानं भार उचलला नाही, कामगारांचे पगार थकले आणि २०१७ साली संस्था बंद झाली. बरोबर तीन वर्षांनी, २०२० साली, कोरोनानं सगळ्या शाळांना कुलूप लागलं आणि घरोघर टीव्हीवर शिकवायची वेळ आली. तेव्हा नव्यानं धावाधाव करून जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू करावी लागली. मालिका चांगली होती. पण तेहतीस वर्षं चाललेलं घर मोडायचं आणि तीन वर्षांत पाहुण्याकडं अंथरूण मागायला जायचं, असा हा कारभार.

दुसरा हिशेब एज्युसॅटचा. २० सप्टेंबर २००४ ला फक्त शिक्षणासाठीचा उपग्रह आभाळात गेला. सुरुवातीच्या प्रयोगात आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही होतं. २०१० मध्ये त्या उपग्रहाचं आयुष्य संपलं. उपग्रह आज ना उद्या संपणारच, त्यात कुणाचा गुन्हा नाही. पण यंत्र संपलं की खालच्या शाळेत काय उरणार, याचा विचार यंत्र विकत घेतानाच करायचा असतो.

दोन्ही वेळा रोग एकच. अनुदान एकदाच मिळतं आणि ते वस्तूसाठी मिळतं. वीजबिल, दुरुस्ती आणि मुलांजवळ बसणारं माणूस, हे दर महिन्याचे खर्च असतात. ते त्या अनुदानात बसत नाहीत. वस्तूचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो. बिल भरल्याचा फोटो कुणी काढत नाही.

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेत तिथलं शेती खातं ग्रामीण शाळांना आणि कॉलेजांना दूरशिक्षणासाठी अनुदान देतं. तेही मुख्यतः यंत्रसामग्रीसाठी, शिकवणाऱ्याचा पगार त्यातून देता येत नाही. तिथल्या शाळेला तो खर्च दुसरीकडून मिळत असेल. आपल्या वाडीला दुसरीकडचं कोण आहे?

आता कोरोनाची दोन वर्षं आठवा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडलं. वीस महिने. जी पोर पहिलीत बसली ती शाळा न बघता दुसरी करून तिसरीत गेली. त्या काळात ज्यां द्रेझ आणि त्यांच्या सोबत्यांनी पंधरा राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत जाऊन सुमारे १४०० मुलांची विचारपूस केली. महाराष्ट्रही त्यात होता. गावांकडची फक्त ८ टक्के मुलं नेमानं ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुलं काहीच शिकत नव्हती.

आकड्यात जे आहे ते आपण डोळ्यांनी बघितलं. घरात फोन एक, तो बापासंगं कामावर. रात्री फोन घरी आला तर त्याला चार्ज नाही. चार्ज असला तर रिचार्ज नाही. रिचार्ज असलं तर रेंजसाठी टेकडीवर जायचं. पोरीला अंधारात टेकडीवर कोण पाठवणार? म्हणून पोराला तरी चार धडे मिळाले, पोरीला तेवढेही नाहीत. आणि दिवाळीनंतर जी घरं वीटभट्टीवर, कोळशावर गेली त्यांच्या पोरांचं तर नावच घेऊ नका.

आणखी एक गोष्ट फोननं कधी विचारली नाही. टीव्हीतली बाई शुद्ध मराठी बोलते. आमची लहान पोरं घरात कातकरी बोलतात, ठाकरी बोलतात. वर्गात मास्तर असला तर पोराच्या तोंडाकडं बघून त्याला कळतं की ह्याला समजलं नाही. मग तो दुसऱ्या शब्दात सांगतो, नाहीतर मोठ्या पोरीला म्हणतो, "तू सांग गं ह्याला." टीव्ही थांबत नाही. त्याला समोर कोण बसलंय ते दिसत नाही.

मग पैसा नाही का? आहे. आणि त्यात आपलाही आहे.

२००२ पासून देशात एक निधी आहे. टेलिफोन कंपन्यांच्या कमाईवर ५ टक्के आकार बसतो आणि तो गावाकडं, दुर्गम भागात टेलिफोन-इंटरनेट पोचवण्यासाठी जमा होतो. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालंय. म्हणजे आपण वाडीवर बसून जो रिचार्ज मारतो त्यातलाही वाटा तिथं जातो. त्याच पैशातून भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत आणायची योजना २०११ साली मंजूर झाली. ग्रामपंचायतीपर्यंत हे शब्द ध्यानात ठेवा. पंचायत खाली रस्त्याला असते. वाडी वर असते. मधला डोंगर कुठल्याच योजनेत धरलेला नसतो.

मावळला ही गोष्ट नवी नाही. लोणावळा, वळवण, शिरवता इथं टाटांनी धरणं बांधली आणि १९१५ साली त्या पाण्यावर खोपोलीला वीज तयार होऊन मुंबईला गेली. शंभर वर्षं उलटून गेली. मावळच्या पाण्याची वीज घाट उतरून मुंबईला जायला अडचण आली नाही, पण डोंगरातल्या वाडीवर खांब न्यायचा म्हटलं की जंगल आडवं येतं. द्रुतगती मार्ग कुसगावावरून गेला. खोपोली ते कुसगाव नव्या जोडरस्त्यासाठी डोंगर पोखरून बोगदे झाले. मोठ्या रस्त्याला जंगल आडवं येत नाही. शाळेच्या खांबालाच येतं.

आणखी एक पैसा आहे. १५ नोव्हेंबर २०२३ ला पंतप्रधान जनमन योजना जाहीर झाली, सुमारे २४ हजार कोटींची, तीन वर्षांसाठी. घरं, रस्ते, वसतिगृहं, मोबाइल टॉवर, बहुउद्देशीय केंद्रं असं सगळं त्यात आहे. ती अतिअसुरक्षित आदिम जमातींसाठी आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे आपल्याकडं कातकऱ्यांना ती लागू, ठाकरांना आणि महादेव कोळ्यांना नाही. पण पोरं तर एकाच शाळेत, एकाच तरटावर बसतात. म्हणून आमचं म्हणणं असं, की कातकरीवाडीच्या नावानं जे केंद्र येईल ते सगळ्यांच्या पोरांना उघडं ठेवायचं, आणि ठाकर भावांनी त्याच्या मागणीला पाठिंबा द्यायचा. योजनेच्या यादीवरून आपसात भांडलो तर फावेल दुसऱ्याचं.

हेही समजून घ्या की मावळ अनुसूचित क्षेत्रात येत नाही. आपल्या जिल्ह्यात आंबेगाव-जुन्नरकडच्या गावांना पेसा कायदा लागतो, तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के थेट निधी मिळतो. आपल्याला तो नाही. आपल्याला दोन-तीन एसट्या बदलून घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात जावं लागतं. म्हणून आपण कागदानं पक्कं असायला पाहिजे.

आता शाळा बंद करण्याचं बघू. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करून दुसऱ्या शाळांना जोडायचा निर्णय सरकारनं केला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं पानशेत दाखवलं. अशा शाळा राज्यात १४ हजारांवर आहेत. त्या कुठं असतात? डोंगरात, धरणाच्या काठाला, जंगलात. म्हणजे आपल्याकडं.

सरकार म्हणतं, पाच पोरांना दोन मास्तर परवडत नाहीत. मोठ्या शाळेत संगणक असेल, प्रयोगशाळा असेल, मैदान असेल. ह्या बोलण्यात तथ्य नाही असं आम्ही म्हणत नाही. चार पोरांत खेळायला गडी मिळत नाही, हे खरंय. चौथीच्या वर पोरांना मोठी शाळा लागते, हेही खरंय. पण सहा वर्षांच्या पोरीनं पावसाळ्यात ओढा ओलांडून, तीन-चार किलोमीटर चालून जायचं म्हटलं तर ती पोर दोन महिन्यांत घरी बसते. मग पटावर तिचं नाव राहतं आणि ती धाकट्या भावाला सांभाळते. गाडी देऊ म्हणतात. गाडीचं बिल निघेपर्यंत गाडी येते.

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. राज्याच्या नियमांत वीस मुलांची अट आहे, पण ती नवी शाळा काढण्यासाठीची अट आहे. चालू शाळा मोडायचा परवाना म्हणून ती दाखवली तर आपण हटकायला पाहिजे. आणि कायद्यात शिक्षक म्हटलंय. पडदा म्हटलेलं नाही. टीव्ही दिला म्हणून एक मास्तर कमी करता येत नाही.

लांबच्या मुलांना शिकवायचं कसं, हे ह्या महाराष्ट्राला माहीत नाही असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला वारली पोरांत काम करत होत्या. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. नव्वदच्या दशकात ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेनं वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, म्हणजे जिथं मायबाप विटा पाडतात तिथंच पोरांची शाळा. कोरोनात पालघरच्या पाड्यांवर कर्णा लावून 'बोलकी शाळा' चालली. फोन नको, रेंज नको. कर्ण्यातून धडा लागायचा आणि पोरं झाडाखाली एकत्र बसून ऐकायची. आणि थोरांसाठी १९८९ पासून नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. शाळा सुटलेली किती तरी माणसं कामधंदा करून त्याच्या अभ्यासकेंद्रातून शिकली.

ह्या सगळ्यांत सारखं काय, ते बघा. प्रत्येक ठिकाणी बसायला एक जागा होती आणि जवळ बसणारं एक माणूस होतं. मुक्त विद्यापीठाचंसुद्धा पुस्तक घरी येतं, पण अडलं तर विचारायला अभ्यासकेंद्र असतं. म्हणून दूरशिक्षणाचं अनुदान घेताना आमचा नियम साधा: आधी जागा, मग माणूस, मग वीज आणि रेंज, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. आज उलटं चाललंय. यंत्र आधी येतं आणि बाकीच्याची वाट बघत कपाटात बसतं.

इथंच आपला जमिनीचा लढा आणि शाळा एकत्र येतात. मावशींना हेच सांगायचं होतं आणि त्या दिवशी आम्हाला सुचलं नाही.

वनहक्क कायदा २००६ आपण फक्त कसण्याच्या जमिनीसाठी वाचतो. त्याचं कलम ३(२) वाचा. गावाच्या तेरा सोयींसाठी वनजमीन वापरायची परवानगी त्यात आहे. त्या यादीत पहिलंच नाव शाळेचं आहे. पुढं अंगणवाडी आहे, वीज आणि टेलिफोनच्या तारा आहेत, सौरऊर्जेसारखे अपारंपरिक ऊर्जेचे मार्ग आहेत, कौशल्य आणि व्यवसाय प्रशिक्षणाची केंद्रं आहेत, रस्ते आहेत, समाजमंदिर आहे. अटी अशा: सोय सरकारनं चालवलेली असावी, एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. एवढ्यासाठी फाईल दिल्लीला जात नाही. उपवनसंरक्षकाच्या पातळीवर निर्णय होतो.

म्हणजे "जंगल आहे म्हणून खांब नेता येत नाही" हे उत्तर पुरं नाही. खांब नेता येतो. ग्रामसभेनं मागितला पाहिजे आणि खात्यानं प्रस्ताव दिला पाहिजे. मागितलाच नाही तर ते म्हणणार, मागणी नाही.

तर पुढच्या ग्रामसभेत आपण काय करायचं:

एक. वाडीवरची शाळा बंद करायला किंवा जोडायला ग्रामसभेची संमती नाही, असा ठराव. त्यात वाडीतली सहा ते चौदा वर्षांची सगळी पोरं नावानिशी लिहायची. भट्टीवर गेलेलीसुद्धा. पटावर नाहीत म्हणून ती नाहीतच, असं होऊ द्यायचं नाही.

दोन. कलम ३(२) खाली शाळेची खोली किंवा समाजमंदिर, विजेची आणि टेलिफोनची तार आणि सौर दिवे, ह्यांची शिफारस. प्रत्येक कामाची जागा, क्षेत्र आणि झाडांची संख्या वेगवेगळी लिहायची. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात. सह्या-अंगठे मोजून घ्या. कोरम नाही म्हणून ठराव परत यायला नको.

तीन. कातकरीवाडी असेल तिथं जनमनमधून बहुउद्देशीय केंद्राची आणि टॉवरची मागणी. प्रत घोडेगावला, पोच घेऊन.

चार. शाळेला टीव्ही, टॅब, संगणक द्यायला कुणीही आलं, सरकार असो, कंपनी असो, देणगीदार असो, तर शाळा व्यवस्थापन समितीनं तीन सवाल विचारायचे. बिल कोण भरणार? बिघडलं तर कोण दुरुस्त करणार? जवळ बसणाऱ्या माणसाचं मानधन किती वर्षं देणार? उत्तरं लेखी घ्यायची. नुसती वस्तू देऊन जाणार असतील तर त्यांना सांगायचं, टीव्हीच्या पैशात वाडीतल्या दहावी-बारावी झालेल्या पोरीला मानधन द्या. ती संध्याकाळी दोन तास पोरांना घेऊन बसेल. तिला आमची बोली येते.

ह्या चौथ्या मुद्द्यावर बैठकीत वाद झाला. एकजण म्हणाले, देणारा रागावला आणि टीव्हीही गेला तर? आमचं उत्तर असं, की कपाटातला टीव्ही गेला तर काय गेलं? पण विचारायची सवय गेली तर पुढच्या वेळी ते शाळाच कपाटात ठेवतील.

आणखी कुणी म्हणेल, जमिनीचा लढा सोडून संघटना शाळेच्या मागं कशाला लागली? दाव्याच्या फाईली आठवा. फेटाळल्याचं कारण इंग्रजीत नाहीतर सरकारी मराठीत लिहून येतं. ते वाचायला आपण लोणावळ्यात वकील धुंडतो, टपरीवर बसलेल्या अनोळखी माणसाला कागद दाखवतो. उद्या पट्टा हातात आला तरी त्यावरचं क्षेत्र आणि चतुःसीमा ज्याला वाचता येत नाही त्याची जमीन टिकत नाही. आपल्या बापजाद्यांनी अंगठे कुठं लावले आणि काय घालवलं, हे मावळातल्या म्हाताऱ्यांना विचारा. वाडीवर मास्तर टिकला तर पट्टा टिकेल.

कुसगावच्या त्या मावशींना स्वतःला लिहिता येत नाही. बैठकीच्या वहीत त्यांनी अंगठा लावला. शेजारी त्यांची नात उभी होती, चौथीतली. तिनं अंगठ्याच्या बाजूला आजीचं नाव लिहिलं. नीट, वळणदार. ते तिला वाडीवरच्या मास्तरांनी शिकवलंय.

ठरावाचा मसुदा पुढच्या बैठकीत वाटला जाईल. येताना प्रत्येक वाडीनं आपल्या पोरांची यादी घेऊन यावं.